मासे नदी चढेपर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावपरिषदेचे प्रमुख माननीय इनूसिक, व्यासपीठावर बसलेल्या, आपल्या सगळ्यांहून वडीलधाऱ्या कौनाक आजी, माशांचा अभ्यास करायला दक्षिणेकडून येऊन तीन उन्हाळे आपल्यात काढलेल्या मासेवाल्या व्हेराबाई, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं गावाची घाण गावाबाहेर नेणारे आपले मुकादम जोआनासी, समोर बसलेले गावकरी, बायाबापड्या, आणि मागे दाराशी उभं राहून केकवर नजर ठेवून असलेली मंडळी, तुम्हा सगळ्यांना उलायूकचा नमस्कार.

इनूसिकने मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळा मी पाचवीत सोडली, पण घड्याळ वाचता येतं. पाच मिनिटांत होणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कोणी माझ्या अंगरख्याला ओढायला नको.

आत येताना प्रत्येकाने मला विचारलं, दाराबाहेर अठरा फावडी कशाला उभी केली आहेत? सत्काराला फावडी? सांगते. दम धरा.

आधी सत्कारमूर्तींबद्दल. मी त्यांना अहोजाहो करणार नाही, 'पोरा' म्हणणार आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, पण नर्सबाई नवीन आल्या आहेत, त्यांना वाटायचं की ही बाई पिऊन आली. तर नर्सबाई, याची आई गेली आणि पुढच्याच महिन्यात मी जन्मले. तिचं नाव मला ठेवलं. नाव आलं की नातं आलं. म्हणून हा सहासष्ट वर्षांचा गडी माझा मुलगा, आणि एकोणपन्नास वर्षांची मी त्याची आई. तोही मला चारचौघांत आईच म्हणतो. एकदा विमानतळावर वरच्या ऑफिसचा साहेब उतरला, त्याला म्हणाला, "ही माझी आई. मैल्याची गाडी चालवते." साहेब एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा याच्या पांढऱ्या केसांकडे. बिचारा जेवेपर्यंत वयांचा हिशोब लावत होता.

हसा. थोडा वेळ हसून घ्या.

सतरा वर्षांपूर्वी गाडीवर माणूस हवा होता. मी अर्ज केला. अर्ज कसला, याच्या दारात जाऊन उभी राहिले. परिषदेत कोणीतरी म्हणालं, बाई माणूस पाइप ओढणार का? कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे, तो तिसऱ्या रांगेत बसलाय, खाली बघू नकोस. तेव्हा हा म्हणाला, "माझी आई ओढेल." तेवढंच. पहिल्याच हिवाळ्यात शाळेमागे माझा पाइप गोठला. उणे त्रेचाळीस. मी गाडीत बसून रडत होते. हा आला, हातात चहाची किटली. मला वाटलं मला चहा आणला. याने तो सगळा पाइपाच्या तोंडावर ओतला. मग म्हणाला, "आई, रड, पण इंजिन बंद करू नकोस."

हे याने दिलेलं पहिलं शिक्षण. हिवाळ्यात इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं की गाडी उन्हाळ्यापर्यंत उठत नाही. पण चालू ठेवलं की काय होतं? गाडी जागची हलत नाही आणि डिझेल संपत जातं. घरासमोर नुसती उभी, चाक फिरलेलं नाही, आणि दुपारी बघावं तर काटा अर्ध्यावर. जहाज आपल्याकडे उन्हाळ्यातच येतं. पुढचं जहाज येईपर्यंत आहे ते पुरवायचं. हे गणित मला पाचवीत कळलं नव्हतं, गाडीवर कळलं.

हे ध्यानात ठेवा. याच गणितासाठी मी इथे उभी आहे.

आता व्हेराबाई. पहिल्या उन्हाळ्यात त्या आल्या, तेव्हा आपण त्यांना नळीवाली म्हणायचो. अजूनही म्हणतो, बाई, वाईट वाटून घेऊ नका. खाडीतून इकालूक मासा पकडायचा, काचेच्या नळीत ठेवायचा, वरून थंडगार पाणी सोडायचं, नळीची तोंडं बंद करायची आणि नळीतल्या पाण्यातला प्राणवायू किती कमी होतो ते घड्याळ लावून मोजायचं. म्हणजे मासा नुसता पडून असताना किती श्वास घेतो ते. मोजून झालं की परत सोडायचा. कौनाक आजी काठी टेकत किनाऱ्यावर गेल्या आणि बाईंचं माशांचं टोपलं पाण्यात उपडं केलं. म्हणाल्या, "मासा काय तुझं खेळणं आहे? खायचा तर मार. नाही तर हात लावू नकोस." बाई दोन दिवस तंबूतून बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, यापुढे मोजलेला प्रत्येक मासा नीट मारीन आणि म्हाताऱ्यांच्या घरी पोचवीन. त्या दिवसापासून कौनाक आजींच्या फ्रीजमध्ये मासा कमी पडलेला नाही. हो की नाही आजी? बघा, भुवया उंचावल्या. नर्सबाई, म्हणजे हो.

आता मागच्या वर्षीचं. इथे जरा कठीण आहे, तेव्हा खोकायचं असेल त्याने आत्ता खोकून घ्यावं.

मागच्या वर्षी सव्वीस ऑगस्टला पोराने मैलातळ्याची झडप उघडली. परवान्यात तीच तारीख आहे, एकतीस वर्षं तीच. हिवाळाभर गोठलेलं, उन्हाळ्यात वितळलेलं, सगळ्या गावाचं न्हाणं-धुणं आणि बाकीचं, ते ओल्या माळावरून झिरपत नदीच्या तोंडाशी खाडीत उतरतं. पूर्वी सव्वीस ऑगस्टला मासे नदी चढून मोठ्या तळ्यात गेलेले असायचे. आता ते उशिरा येतात. बर्फ उशिरा, सगळंच उशिरा. मासा बदलला, तारीख नाही बदलली. तर मासे नदीच्या तोंडाशी भरतीची वाट बघत थांबलेले, आणि त्यांच्या अंगावर आपला मैला.

आणि मग काय झालं? आठवतंय? गाव किनाऱ्यावर धावलं. मासे उथळ पाण्यात पडलेले, हात घातला तरी हलत नाहीत. जाळं नको, भाला नको. बायका हातांनी उचलत होत्या. कोणीतरी ओरडलं, "स्वतःहून आलेत! स्वतःला दिलं त्यांनी!" म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं, बघितलं कोणी नव्हतं. याच सभागृहात मेजवानी झाली. मीही अकरा मासे उचलले.

घरी येऊन मी पहिला मासा कापला. चाळीस वर्षं मासे कापते आहे, सुरी पोटात गेली की हाताला कळतं. मांस फिकं. पोटाची चरबी बोटभर असायची ती नखाएवढी. आणि काळीज सुजून मुठीएवढं. मी तो मासा घेऊन कौनाक आजींकडे गेले. म्हटलं, आजी, हे बघा. आजींनी बघितलं नाही. म्हणाल्या, "ज्याने स्वतःला दिलं त्याला नावं ठेवायची नाहीत. पुन्हा येणार नाही तो." मी घरी आले आणि तो मासा उकडून खाल्ला. तोंड बंद ठेवलं. मला तोंड बंद ठेवता येतं यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण अख्खा हिवाळा ठेवलं.

हिवाळ्यात मोठ्या तळ्यावर बर्फाला भोकं पाडून बसलो, तेव्हा काय लागलं गळाला? ओल्या मोज्यासारखे मासे. डोकं मोठं, अंग लोंबतंय. तेही किती? मी चार दिवस बसले, तीन मासे.

मग यंदा उन्हाळ्यात मी नळीवालीकडे गेले. म्हटलं, बाई, मला शाळेतलं सांगू नका, गाडीतलं सांगा. त्यांनी विचार केला आणि सांगितलं. थंड पाण्यातला मासा फार कंजूष असतो. दोन महिने समुद्रात खायचं आणि दहा महिने बर्फाखाली जवळजवळ उपाशी राहायचं, म्हणून त्याने आपलं अंग मंद ठेवलेलं असतं. कमी श्वास, कमी खर्च. मैल्याच्या पाण्यात तो थांबला की काळीज दिवसभर घाण निपटत राहतं, कल्ले चिकटतात. मासा एका जागी पडून आहे, पण आतून धावतोय. जिथे मैला पोचत नाही त्या वरच्या खाडीतला मासा नळीत पडून जेवढा श्वास घेतो, त्याच्या दीडपट हा घेतो. वर, मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो तो वेगळाच. म्हणजे लागतो जास्त आणि मिळतो कमी.

मी म्हटलं, इंजिन चालू ठेवून उभी केलेली गाडी.

बाई म्हणाल्या, तेच.

मग असा मासा नदीचे खडक कसा चढणार? आणि चढलाच तर दहा महिने काय जाळणार? त्याचं जहाज तर येऊन गेलं.

कौनाक आजी, हे मी तुमच्याकडे बघून बोलणार आहे. मागच्या वर्षी मी गप्प बसले, आज बसणार नाही. मी माशाला नावं ठेवत नाही. जो पळू शकत होता आणि तरी थांबला, त्याने स्वतःला दिलं. पण ज्याला पळायला श्वासच उरला नव्हता, त्याने काही दिलं नाही, आजी. त्याचं आपण घेतलं. आणि वर मेजवानी केली.



आता आज सकाळचं. आज पुन्हा सव्वीस ऑगस्ट.

इनूसिक, तू घड्याळाकडे बघतोयस. बघू नकोस, हे तुझ्याच कामाचं आहे. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत काय छापलंय? "सत्कारमूर्तींच्या हस्ते सकाळी आठ वाजता अखेरची झडप उघडणे. सायंकाळी झडपेची चावी नूतन मुकादम श्रीमती उलायूक यांना सुपूर्द." दुपारी तू पोराला विचारलंस, "झडप उघडली ना?" त्याने काय केलं? नाक मुरडलं. आपल्याकडे नाक मुरडलं की काय समजायचं? नाही. रांगतं मूल पण सांगेल. पण तो मैल्याचा माणूस, कपड्यांना वास, तुला वाटलं वासाने मुरडलं. म्हणालास, "छान छान," आणि फोनवर बोलत निघून गेलास.

झडप उघडलेली नाही.

बसा. बसा म्हणते! इनूसिक, तूपण बस.

सकाळी आठला आम्ही दोघं मैलातळ्यावर गेलो. वरून नदीचं तोंड स्वच्छ दिसतं. पाण्यात पाठी दिसत होत्या. खाडीभर पाठी. मी म्हटलं, "पोरा, मासे चढलेले नाहीत." तो म्हणाला, "परवान्यात तारीख आहे." मी म्हटलं, "तारखेला कल्ले नसतात." तो म्हणाला, "आई, बांधाच्या काठापासून पाणी सहाच बोटं खाली आहे. कोपऱ्यात भेग आहे. पाऊस आला तर बांध फुटेल, मग सगळं एका तासात खाडीत. तेव्हा तुझ्या माशांचं काय?"

खरं बोलत होता. हे मी लपवणार नाही. तो चुकीचा माणूस नाही. एकतीस वर्षांत याने बांध फुटू दिला नाही, हेच याचं काम होतं. आणि त्याने झडपेला चावी लावली.

मी झडपेवर बसले.

हसू नका. थंड लोखंड होतं. तो म्हणाला, "ऊठ आई." मी म्हटलं, नाही उठत. तो म्हणाला, "माझा शेवटचा दिवस आहे, माझ्या नावाला आजवर डाग नाही. ऊठ." नाही उठत. त्याचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला. दुसरी कोणी असती तर त्याने कोपराला धरून उचलून बाजूला ठेवली असती, ताकद आहे अजून त्याच्यात. पण आईला कसं ओढणार? हात तसाच मागे घेतला. चावी सोडून दिली आणि चालत गावाकडे निघाला. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तेव्हापासून तो बोललेला नाही. आता तिथे बसलाय, पुढ्यातल्या मांसाला हात लावलेला नाही. कोणाला कळलंच नाही का? की तुम्हाला वाटलं, निवृत्तीचं दुःख?

ही चावी. हातभर लोखंड, सकाळपासून माझ्या अंगरख्यात आहे, बरगड्या दुखायला लागल्या. टेबलावर ठेवते. अध्यक्ष महाराज, तुमच्यासमोरच्या त्या रंगीत कागदात गुंडाळलेली पेटी रिकामी आहे. उगाच फोटो काढू नका.

आता माझं म्हणणं ऐका. मासे चढायला आठ-दहा दिवस घेतील. मोठी भरती शनिवारी आहे. तेवढे दिवस मैलातळं चढता कामा नये आणि बांध धरला पाहिजे. तळं चढतं कशाने? माझ्या गाडीने, घरोघरच्या टाक्या उपसून तिथे ओतते त्याने. तर उद्यापासून गाडी निघणार नाही. मैल्याची टाकी भरत आली की घराबाहेरचा लाल दिवा लागेल, लागू दे. टाकी भरली की नळ आपोआप बंद होईल, होऊ दे. दवाखाना आणि तान्ही मुलं असलेली घरं सोडून. बाकीच्यांनी बादली काढा. हो, तीच जुनी, संडासची, पिशवी लावायची. पोरींनो, तोंडं वाकडी करू नका, तुमच्या आया बादलीवरच वाढल्या आणि चांगल्या दणकट आहेत. आंघोळी पुढच्या आठवड्यात. कोणाचा वास कोणाला येणार नाही, सगळ्यांचा एकच येईल.

बांधाला खडी लागेल. ढीग तिथेच आहे. अठरा फावडी बाहेर आहेत. आता कळलं?

आग्नेयेकडून वारा सुटलाय, खिडकीतून बघा. पाऊस येईल, नाही येईल, मला माहीत नाही. बांध फुटला तर दोष माझा. माझी नोकरी जाईल आणि घर नोकरीचं आहे, तेही जाईल. चार माणसं घेऊन मी बहिणीच्या दोन खोल्यांत जाईन. आणि फुटला तर मासेही जातील, हे मला कळतं. झडप उघडली तर मासे नक्की जातील आणि माझी नोकरी नक्की राहील. सकाळपासून हेच तोलते आहे. व्हेराबाई, तुमच्या नळीत मला ठेवा आज, बघा किती श्वास घेते ते.

काय? आजी, मोठ्याने बोला, माझे कान गाडीने खाल्ले आहेत.

आजी म्हणतात, "माझी बादली माझ्या पलंगाखाली आहे. मी ती कधी फेकलीच नव्हती."

टाळ्या नकोत. अजून नकोत.

कारण गाव मला हो म्हणालं तरी मी मुकादम नाही. ही चावी मला अजून मिळालेली नाही, मी घेऊन बसले आहे, त्यात फरक आहे. आज दिवस मावळेपर्यंत मुकादम तू आहेस, पोरा. बांधाची भेग माझ्यापेक्षा तू ओळखतोस. मी गाडी ओळखते, मासा ओळखते, बांध नाही. सकाळी मी तुला विचारलंच नाही, नुसती बसले. हे माझं चुकलं, आणि चारचौघांत सांगते की चुकलं. म्हणून आत्ता विचारते. खडी टाकली, गाडी थांबवली, तर तो कोपरा दहा दिवस धरेल का?

भुवया उंचाव, नाही तर नाक मुरड. नाक मुरडलंस तर ही चावी घे आणि जा, मी आडवी येणार नाही. तुझ्या आईच्या नावाची शपथ, म्हणजे माझ्याच.

…

ना भुवया, ना नाक. ताट बाजूला सारलं.

उठला. वाट द्या त्याला. पोरा, जेवण? जेवण राहिलं तुझं. बरं.

दार नको बंद करू, वाऱ्याने आपटेल. कोण खिडकीपाशी आहे? सरक जरा, मला बघू दे. घर डावीकडे, मैलातळं उजवीकडे. पायरीवर थांबलाय. टोपी घालतोय.

उजवीकडे वळला.

ओरडू नका! इनूसिक, खाली बस. टेबलाकडे बघ. चावी इथेच आहे. त्याने चावी नेलेली नाही. दाराबाहेरची फावडी मोजा.

सतरा.

तर मंडळी, अध्यक्षांनी मला वेळ दिला आणि दिला त्याहून जास्त घेऊ दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार, केक मुलांना वाटून टाका. कौनाक आजींचे आणि व्हेराबाईंचे आभार. निरोपाचं भाषण होतं, पण निरोप द्यायचा राहिला, कारण सत्कारमूर्ती कामावर गेले आहेत. तो मासे चढल्यावर देऊ. बोलण्यात कोणाचा मान राहिला नसेल, कोणाला लागलं असेल, तर माझी जीभ शिकलेली नाही असं समजून पोटात घाला. आणि ज्याला पोटात घालणं जमणार नाही, त्याने बांधावर यावं आणि मला तिथे शिव्या द्याव्यात.

येताना फावडं घेऊन या. तो एकटाच आहे.